पाठकोरं पान

समुद्राची सभा डोंगरावर ठेवायची अक्कल कोणाची होती, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. सभा आमच्या किनाऱ्याबद्दल. किनारा मालवणाजवळ, आमच्या वाडीसमोर. आणि सभा आंबोलीच्या हॉटेलात, भर श्रावणात, जिथे हात लांब केला तर स्वतःची बोटं धुक्यात जातात. किनाऱ्यावर साहेबांना दमट होतं, असं कोणीतरी म्हणालं. आंबोलीत मग काय कोरडं होतं?

आमच्या वाडीसमोरच्या वाळूवर एका कंपनीला धक्का बांधायचा आहे. त्याला पर्यटकांच्या होड्या लागणार, बाजूला छत्र्या आणि खुर्च्या येणार. माझं खुर्च्यांशी भांडण नाही. पण त्या वाळूवर आमची रापण लागते. घाटावरही कोणी हे वाचेल म्हणून सांगतो. रापण म्हणजे होडीतून जाळं समुद्रात अर्ध्या गोलात सोडायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि दोन टोळ्यांनी ओढत ओढत एकमेकांकडे सरकत यायचं. त्याला लांब, मोकळी वाळू लागते. मध्ये खांब आला की जाळं फाटतं. धक्का म्हणजे नुसते खांब.

आमच्या रापणीत आज्यापणज्यापासून एक नियम आहे. ज्याने दोर ओढला त्याला वाटा. गाव कुठलं, जात कुठली, विचारायचं नाही. जो नुसता बघत उभा राहिला त्याला काही नाही, मग तो तालुक्याचा साहेब असो. आणि ज्याने वाटा घेतला तो रापणीचा माणूस झाला. हाक पडली की त्याने यायचं. वाटा खाऊन जो हाकेला येत नाही, त्याला आम्ही सगळ्यांसमोर म्हणतो, वाटो परत दी. ह्याच्यापेक्षा वाईट शिवी आमच्याकडे नाही.

मी ह्या रापणीचा म्होरक्या, म्हणून सभेला मी निघालो. बरोबर माझी सून दीपिका. मुलगा जहाजावर असतो, आणि आमच्या रापण संघाचं सगळं टपालपाणी दीपिकाच्या फोनमध्ये असतं. आमचं म्हणणंही तिने फोनमध्येच लिहून ठेवलं होतं. बस सावंतवाडी सोडून घाटाला लागली आणि तिचा फोन वाजला. सभा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाचा निरोप. तिने मोठ्याने वाचला. "सर्व संबंधितांनी आपले म्हणणे छापील स्वरूपात, सभा सुरू होण्यापूर्वी सादर करावे. हस्तलिखित अथवा मोबाईलवरील मजकूर स्वीकारला जाणार नाही."

निरोप सावंतवाडीत आला असता तर स्टँडवर उतरलो असतो, समोरच छापून देणारी दुकानं आहेत. निरोप घाटात आला. आणि निरोप स्वतः आला मोबाईलवर. त्यांना मोबाईल चालतो, आम्हाला नाही.

हॉटेलात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. सभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. काउंटरवर प्रितेश नावाचा पोरगेला माणूस. मूळचा दोडामार्गचा, आधी गोव्यातल्या हॉटेलांत होता, हे त्याने आमच्या छत्र्या घेता घेताच सांगितलं. त्याच्या पाठीमागे छापायचं यंत्र चालू होतं. आंबोलीच्या हवेत कागद मऊ पडून यंत्रात अडकतो, म्हणून त्याने कोऱ्या कागदांचा गठ्ठा पेटत्या बल्बाखाली ठेवला होता.

"आमका दोन पानां छापून होयी," मी म्हटलं.

"देतंय काका. पण आता प्रिंटर बुक आसा."

"खोली बुक जाता ता म्हायत आसा. मशीन पण जाता?"

"कंपनीवाल्यांचो रिपोर्ट चललो हा. तेंचो संपलो की तुमचा. बसा, चाय सांगतंय."

आम्ही बाकावर बसलो. यंत्र एक पान सोडायचं, दम खायचं, मग दुसरं सोडायचं. बहुतेक पानांवर चित्रं. वरून काढलेला समुद्र, बाजूने काढलेला समुद्र, नकाशातला समुद्र. सगळी पानं निळी.

"बगलास बाबा," दीपिका म्हणाली, "आपलो दर्या छापतत."

"छापूंदे. छापून झालो की आमका आमचो परत देतीत काय बग."

तेवढ्यात जिन्यावरून एक जण उतरला. अंगात जाकीट, काखेत लॅपटॉप. मला बघून थांबला.

"आजोबा, तुम्ही इथे? ओळखलंत ना? मी विनीत."

ओळखलं. ओळखणार नाही कसं? थंडीत तो आमच्या किनाऱ्यावर आला होता. कंपनीने पाहणीला नेमलेल्या लोकांतला, पुण्याचा. शेजारच्या घरी भाड्याने राहिला होता. उडणारं कॅमेऱ्याचं यंत्र घेऊन हिंडायचा. पहिल्या सकाळी बघत उभा राहिला. दुसऱ्या सकाळी यंत्र वाळूत ठेवलं आणि म्हणाला, "आजोबा, मी धरू का?" मी त्याला माझ्यापुढे दोरावर घेतला. तळहाताला फोड आले तरी सोडला नाही, हे मी कबूल करतो. वाटे घालताना आमचा बाबली म्हणाला, "ह्या पुणेकराक वाटो दिलास तर उद्या सगळा पुणा दोर धरूक येतला." सगळे हसले. मी म्हटलं, नियम तो नियम. बांगडे आणि तारले मी माझ्या हाताने त्याच्या पिशवीत घातले. मग होता तितके दिवस रोज सकाळी आला, रोज ओढली आणि रोज वाटा घेतला.

आता तो आमच्या बाकाशेजारी खुर्ची ओढून बसला. प्रितेशला म्हणाला, "आजोबांना भजी पण दे रे, माझ्या खोलीवर लाव." दीपिकाला विचारलं, घरी कसे आहेत सगळे. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

यंत्रातून आलेलं एक पान घसरून खाली पडलं. मी वाकून उचललं. उचललं तर त्याच्यावर मी.

माझा चेहरा, माझा दोर, माझी वाळू. पुढे दोर धरून आणखी एक माणूस, पण त्याचा चेहरा पुसट केलेला, ओल्या बोटाने पाटी पुसावी तसा. माझा नव्हता केला. खाली ओळ होती. मी अक्षरं शिकलो ती पन्नाशी उलटल्यावर, शाळेच्या पडवीत, त्यामुळे मी बोट ठेवून आणि तोंडाने वाचतो. वाचलं. "छायाचित्र. पर्यटकांसाठी रापणीचे प्रात्यक्षिक."

"प्रात्यक्षिक म्हणजे काय गो?" मी दीपिकाला विचारलं.

"करून दाखवणां. नाटकात दाखवतत तसा."

मी पुढची ओळ वाचली. "सर्वेक्षणाच्या काळात या किनाऱ्यावर नियमित मासेमारी आढळून आली नाही."

यंत्राने तेवढ्यात आणखी एक पान सोडलं. विनीतने खुर्ची मागे सरकवली.

"आजोबा, ती ओळ माझी नाही. मी फक्त माहिती देतो. पुढे ऑफिसात सगळं बदलतात."

"आणि ह्यो पर्यटक कोण?"

त्याने लॅपटॉप ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"हेचा तोंड कोणी पुसल्यान?"

"ते... फोटोतल्या लोकांची ओळख दाखवायची नसते. नियम आहे."

"माझी दाखवलास ती?"

"फोटो मीच काढललंय," दीपिका म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. ती रागावली की आवाज खाली जातो. "तुमच्याच मोबाईलवर. तुम्हीच म्हणालात, ताई, आजोबांबरोबर एक काढा, आईला दाखवतो. म्हणालात की नाही?"

"म्हणालो," विनीत म्हणाला. "पण रिपोर्ट मेलने गेलाय ताई. मी इथे फक्त प्रती काढायला आलोय. सकाळी सर येणार, त्यांच्या हातात बांधलेल्या प्रती द्यायच्या. मी हॉटेलांत राहायचं, प्रिंट काढायच्या, एवढंच काम उरलंय मला. ते पान द्या आजोबा."

मी दिलं नाही. पान बाकावर ठेवलं आणि त्याच्यावर बसलो.

प्रितेश काउंटरवरून वाकला. "काका, ता पान दिया. तेंचो सेट अपुरो ऱ्हवतलो."

"माझा चित्र आसा. मी नेतलंय."

"पण काका..."

"मेल्या, तुझ्या बापाशीचो फोटो असतो तर दिलं असतंस?"

प्रितेश विनीतकडे वळला आणि एकदम शुद्ध बोलायला लागला. "सर, ते पान मी पुन्हा काढतो. दोन मिनिटं."

"बाबा, दिया ता पान," दीपिका माझ्या कानाशी म्हणाली. "तेंचा संपल्याशिवाय आपला लागाचा नाय." तिचं बरोबर होतं. मला ऐकू आलं. मी उठलो नाही.

यंत्राने पान पुन्हा घेतलं. अर्धा फोटो आला आणि दर्याला मातकट पट्टे पडायला लागले. मग यंत्र थांबलं आणि त्याच्यावर लाल दिवा लागला. प्रितेशने झाकण उघडलं, आत बघितलं, हलवलं, पुन्हा लावलं.

"निळी संपली," तो म्हणाला.

"आमचा नुसता काळा आसा," दीपिका म्हणाली. "काळी आसा मां?"

"काळी भरलेली आसा. पण एक रंग संपलो की ह्यो दुसरोय सोडीत नाय. बनवणाऱ्यांनीच तसो बनवल्यानी."

आमच्याच समुद्राने सगळी निळी शाई खाल्ली होती, आणि उरलेला थेंब माझ्या हट्टाने. रस्त्यापलीकडचं झेरॉक्सचं दुकान पावसाळ्यात बंद असतं. खाली जाणारी शेवटची बस गेली होती. नवी शाई सावंतवाडीहून सकाळच्या बसने येणार, आणि धुकं असलं की बस कधी येईल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. कंपनीच्या प्रती जवळजवळ सगळ्या निघाल्या होत्या. आमचं एकही पान निघालं नव्हतं.

वरच्या पडवीत दीपिकाने मला धरलं. सून म्हणून ती कधी तोंड वर करून बोललेली नाही. त्या संध्याकाळी बोलली.

"तेंचा काय अडला, सांगा. तेंचा पान लागलाच रिपोर्टात, पट्टे पडलेला तर पट्टे पडलेला. आपला ऱ्हवला. सगळी वाडी आमच्या तोंडाकडे बगता हा आणि तुमी फोटोवर बसून ऱ्हवलात."

"मगे काय करूचा होता? हसान देवचा होता?"

"हसान नको. पण देवचा होता."

मी तिच्यावरही चिडलो. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने विनीत आला. म्हणाला, "आजोबा, तुमचं म्हणणं मला पाठवा, मी सभा घेणाऱ्या मॅडमना मेल करतो. कदाचित चालवून घेतील." मी म्हटलं, "तुझ्या हातातसून आमचा एक पान गेला, तेचा काय झाला ता बगलंय. दुसरा नको." तो गेला. दीपिकाने दारातून हे ऐकलं होतं. तिने दार पुन्हा लावून घेतलं.

मी त्या पानाकडे बघत बसलो. भिंतीला ओल, चादरीला ओल, पण पान अजून कोरडं होतं, मी बसून बसून ऊब दिली होती. रागाने ते मुरगळून फेकायला घेतलं, तेव्हा मागची बाजू समोर आली. मागची बाजू कोरी.

मी दीपिकाचं दार वाजवलं. "गो, पेन आसा?"

तिने खाली जाऊन प्रितेशकडून पेन आणलं, आणि बल्बाखालचे दोन कोरे कागदही.

"कागद नको. हेच्यावरच लिवतंय."

"हस्तलिखित चालाचा नाय म्हणान लिवलेला आसा, बाबा."

"छापील होया म्हणतत मां? एक बाजू छापलेली आसा. तेंनीच छापलेली."

तिने पान उलटसुलट करून बघितलं. मग पलंगाच्या कडेला बसली. "लिवा मगे. पण थोडक्यात. एकाच बाजूत रवाक होया."

तिचं दोन पानांचं म्हणणं चांगलं होतं, त्यात कायद्याची कलमं होती. मला कलमं लिहिता येत नाहीत. मला येतं तेवढंच लिहिलं, माझी अक्षरं मोठी येतात म्हणून आणखी कमी लिहिलं. चुकलेलं तिने खोडू दिलं नाही, म्हणाली, खोडलात तर म्हणतील मागून फिरवलं.

सकाळी हॉलभर पांढरी खुर्ची-कव्हरं आणि खिडक्यांना पांढरं धुकं. बाहेर काय आहे ते दिसत नव्हतं, समुद्र तर सोडाच. पुढे परवानगी ज्यांच्या हातात त्या मॅडम, त्यांच्या बाजूला कार्यालयातला कारकून, आणि समोर कंपनीचे साहेब, बांधलेल्या प्रती मांडून. विनीत त्यांच्या मागच्या रांगेत.

कारकुनाने माझं पान बघितलं. "हाताने लिहिलेलं घेत नाही. निरोप मिळाला नाही का?"

"उलटून बघा," मी म्हटलं.

त्याने उलटलं. "हे कंपनीच्या अहवालातलं पान आहे."

"छापील आहे ना?"

मागून कोणीतरी हसलं. मॅडमनी हात पुढे केला. "आणा इकडे." त्यांनी फोटो बघितला, मग मागची बाजू वाचली, मग पुन्हा फोटो बघितला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"होय."

"मग तुम्हीच वाचा."

माझ्या वाचण्याला वेळ लागतो. कंपनीच्या साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. बघू दे. मी बोट ठेवून वाचलं.

"ह्या फोटोतला म्हातारा मी. रापण आमची. ती आम्ही पोटासाठी ओढतो. पर्यटकाला आम्ही वाटा देत नाही, तो बघतो आणि जातो. वाटा दोर ओढणाऱ्याला मिळतो. ह्या फोटोत पुढे जो माणूस आहे, ज्याचं तोंड पुसलं आहे, त्याने दोर ओढला आणि वाटा घेतला. रोज घेतला. रोज मासे होते म्हणून रोज मिळाला. तो माणूस ह्या सभेत बसला आहे. नाव मी घेत नाही. त्याने उठून सांगावं रापण रोज लागत होती की नाही. सांगायचं नसेल तर वाटा परत द्यावा."

साहेब मॅडमकडे बघून म्हणाले, "मॅडम, यांच्या भावनांचा आदर आहे. पण हा तांत्रिक मुद्दा नाही."

मॅडमनी विचारलं, "फोटोत कोण आहे?"

मी मागे वळलो. विनीत खाली बघत होता. आपल्या तळहाताकडे बघत होता की जमिनीकडे, मला सांगता येणार नाही.

"वाटो परत दी," मी म्हटलं.

हॉलमध्ये आमच्या भाषेतले कितीजण होते ठाऊक नाही. त्याला मात्र कळलं. बाबली हे कोणाला तरी म्हणत असताना त्याने किनाऱ्यावर ऐकलं होतं, आणि मला अर्थ विचारला होता.

तो उठला. "फोटोतला मी आहे, मॅडम."

"विनीत, बसा," साहेब म्हणाले.

"मी होतो तेवढे सगळे दिवस रापण लागत होती. मी रोज तसं लिहून दिलं होतं. अहवालात ते का नाही, मला माहीत नाही." आणि मग बसला.

पुढे बरंच बोलणं झालं, सगळं शुद्ध मराठीत आणि अर्धं इंग्रजीत. शेवटी मॅडमनी कारकुनाला सांगितलं ते मला कळलं. पावसाळा संपून रापण सुरू झाली की त्या स्वतः किनाऱ्यावर येतील, तोवर परवानगी नाही. म्हणजे मिळणारच नाही असं नाही. फक्त आज नाही. साहेब बाहेर जाताना फोनवर कोणालातरी म्हणाले, "चार म्हाताऱ्यांसाठी सीझन गेला." मी तिथेच उभा होतो. मला बघून त्यांनी आवाजही खाली केला नाही.

विनीतने पायऱ्यांवर गाठलं. "आजोबा, माझी नोकरी बहुतेक जाईल."

मी काय बोलणार? माझी रापण जाणार होती तेव्हा तो पानं मोजून बांधत होता. मला त्याची कीव करता आली असती, पण मला आली नाही. दीपिका म्हणाली, "रापण लागली की मी फोन करीन तुम्हाला. हाक म्हणून." तो हो म्हणाला. बघू, येतो का.

कारकुनाने काउंटरवर मला पोच दिली, माझ्या पानाची प्रत. सावंतवाडीची शाई तोवर आली होती. मी प्रत बघितली. त्यावर मी, माझा दोर, पुसलेलं तोंड आणि ती ओळ. पर्यटकांसाठी प्रात्यक्षिक. वर गोल शिक्का.

"माझी बाजू कुठे आहे?" मी विचारलं.

"पोच एकाच बाजूची लागते, काका."

"शिक्का त्या ओळीवर मारलात. आता हे पान माझं म्हणणं झालं?"

"मूळ पान फाईलला आहे ना."

"फाईलमध्ये कुठली बाजू वर आहे?"

तो फाईलची दोरी बांधायला लागला. बस सुटायला आली होती. दीपिकाने पिशवी उचलली, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"बाबा, आज बसा तुमी," ती म्हणाली. "ही बस गेली तर दुसरी येतली."

प्रितेशने बल्बाखालचा कोरा कागद काढला. कारकुनाने कुरकुरत फाईल सोडली, पान उलटं केलं आणि यंत्रावर ठेवलं. मी काउंटरला हात टेकून उभा राहिलो. बाहेर आमची बस भोंगा वाजवून निघून गेली. माझी बाजू पूर्ण बाहेर येऊन तिच्यावर शिक्का पडेपर्यंत मी तिथून हललो नाही.